शिमग्याची पालखी पूर्वीसारखी राहिली आहे का? मुलांना घेऊन गावी जावं का?

पूर्वीसारखी नाही राहिली. तरी मुलांना घेऊन जा. फक्त होळीच्या रात्रीचं तिकीट काढण्याआधी ग्रामदेवतेची पालखी तुमच्या घरी कोणत्या दिवशी येणार ते विचारून घ्या आणि त्या दिवशी गावात असा.

तुम्ही लिहिलंय की बऱ्याच वर्षांत शिमग्याला गेला नाहीत, आणि जाऊन आलेले सांगतात, "आता काय, सगळा डीजे आणि रील." माझं माहेर गुहागर तालुक्यातलं, किनाऱ्यालगतचं. सासर चिपळूणला असल्यामुळे शिमगा सहसा चुकत नाही. डीजे आमच्याकडेही येऊन गेला. गावकीच्या बैठकीत कडाक्याची वादावादी झाली आणि बंद पडला. रील काढणारी पोरं आहेत, पण पालखीला खांदाही तीच देतात, त्यांना नावं ठेवून काय मिळणार? खरी गोष्ट एवढीच आहे की गावात बारा महिने राहणारी माणसं कमी झाली. बाकी जे काही बदललंय ते त्याच्या मागून आलंय.

माझ्या लहानपणी पालखी कधी येणार हे कुणी सांगत नसे. ढोल कुठून ऐकू येतो त्यावरून आजी अंदाज बांधायची. आवाज खाजणाकडून आला की अजून दोन वाड्या आहेत, जेवून घ्या. वडाच्या बाजूने आला की अंगणात पाणी शिंपडा. पालखी पाणंदीतून, शेताच्या मेरेवरून, कधी कधी पहाटे तीनला यायची आणि आम्हां पोरांना झोपेतून उठवून ओटीवर आणून बसवायचे. आता वाडीच्या ग्रुपवर वेळापत्रक येतं: अमुक वाडी, अमुक वार, सकाळी दहा ते एक. मला पहिल्यांदा हसू आलं होतं, देवाला वेळ लावून दिली म्हणून. पण धुळवडीची एक सुट्टी, तिला जोडून रविवार आला तर नशीब, आणि मुलांच्या परीक्षा तोंडावर. गणपतीला अख्खं बिऱ्हाड येतं, शिमग्याला घरटी एखादा माणूस येतो, त्याला वेळ कळायलाच हवी. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर गाव जवळ आलं हे खरं. जवळ आलं म्हणून माणूस दोन दिवसांत परतही जाऊ लागला.

बंद घरांचं काय होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. पालखी कुलूप बघून पुढे जात नाही. शेजाऱ्याकडे चावी असते. तो किंवा त्याची बायको दार उघडते, दिवा लावते, रांगोळीची चार बोटं ओढते आणि त्या घराच्या नावाने ओटी भरते. गाऱ्हाणं घालणारा मुंबईतल्या लेकरांची नावं घेऊन, त्यांच्या नोकरीधंद्यात बरकत दे, वाटेतला काटाकुटा दूर कर, असं मागणं मागतो आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. हल्ली यात फोन आला. बोरिवलीला की विरारला बसलेली माणसं व्हिडिओवर हात जोडतात. एका घरापाशी रेंजच नव्हती, तर मानकरी, ढोलवाले, सगळे अंगणात उभे, आणि एक पोरगा फोन उंच धरून पडवीच्या कठड्यावर चढलेला. आमच्या नात्यातले एक आजोबा म्हणाले, "देव थांबलाय, पन जिओ थांबना." यात देवाचा अपमान झाला असं कुणाला वाटत असेल तर वाटो, मला नाही वाटलं.

खांदे कमी पडायला लागले आणि बायका पुढे आल्या, हा बदल मात्र मला मनापासून आवडतो. आम्ही मुलींनी पालखी पाहायची ती दारातून. ओटी भरायची, पाया पडायचं, आणि पालखी वळली की आपण परत चुलीपाशी. आता जिल्ह्यात कितीतरी गावांत बायका पालखी नाचवतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी जुन्या मंडळींनी तोंड फिरवलं होतं. माझ्या वहिनीने खांद्यावर दांडी घेतली तेव्हा पहिला शब्द काढला तो "बाप रे, जड हाय गो!" रुपं, म्हणजे देवाचे धातूचे मुखवटे, लावलेली, साड्या-शालींनी बांधलेली पालखी किती भरते हे तोवर आम्हांला माहीतच नव्हतं. ती डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या माणसांबद्दल माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

हरवलं काय म्हणाल, तर सनई. आमच्या वाडीचा स्वतःचा खालूबाजा होता, म्हणजे सनई-ढोलाचा ताफा. वाजवणारे म्हातारे झाले, त्यांच्या मुलांनी मुंबई धरली आणि शिकवायला समोर कुणी उरलं नाही. आता ढोल-ताशाचं पथक पैसे देऊन बोलावतात. दणदणाट असतो, छाती भरते, पण पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसताना सनईचा जो एक लांब सूर निघायचा तो पथकात नाही. याचं वाईट वाटून घ्यायला मला कुणाची परवानगी नको.

संकासुर, शिमग्यातलं ते सोंग, आहे अजून. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तुमची मुलं लहान असतील तर पहिल्यांदा रडतील, मग दिवसभर त्याच्या मागे पळतील. पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागायला येतो तेव्हा सुटे पैसे ठेवा. आमच्याकडच्याने गेल्या खेपेला क्यूआर कोडचा कागद छातीला लावला होता, ते सोडून द्या.

आणि पूर्वी सगळं गोडीगुलाबीने चालायचं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिला मान कुणाचा, पालखी आधी कोणत्या वाडीत, यावरून काठ्या निघायच्या. अजूनही काही गावांत शिमग्याआधी पोलीस बैठका घेतात, आणि वाद मिटला नाही तर पालखी देवळाबाहेर पडत नाही. तुमच्या गावात असं काही चालू नाही ना, हे निघण्याआधी विचारा.

मुलांना मोठी मिरवणूकच दाखवायची असेल तर रत्नागिरी शहरात भैरीची पालखी बघा. बारा वाड्यांचं ग्रामदैवत, गर्दी अफाट, पोलीस मानवंदना देतात. मुलांना आवडेल. पण तिथे तुम्ही प्रेक्षक. घरी पालखी येते तेव्हा गाऱ्हाण्यात त्यांचं नाव घेतलं जातं, आणि स्वतःचं नाव ढोल थांबवून मोठ्याने घेतलेलं ऐकल्यावर माझ्या भाच्याचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलंय.

आता कामाचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि होळीच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा तिथीवर आत्ताच खूण करा. पालखी होळीनंतर काही गावांत रंगपंचमीपर्यंत फिरते, काही ठिकाणी पाडव्यापर्यंतही, म्हणून होळीचं तिकीट हुकलं तरी बिघडत नाही. एक दिवस आधी पोचा, बंद घराला एवढा वेळ लागतोच. नारळ, खण, तांदूळ घरात ठेवा. आणि कोकमाचं सरबत भरपूर करा, मार्चच्या उन्हात पालखीबरोबर येणारी माणसं तुम्हांला वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात.