हनुवटीला बोट लावलं की मान सरळ का होते?

मागच्या अंकात मान अवघडण्यावर लिहिलं होतं, त्यात एकच ओळ अशी होती की मान दुखण्यापेक्षा ती आपोआप एका बाजूला ओढली जात असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवले. त्यातली चार पत्रं घेतो, बाकीच्यांची उत्तरंही बहुतेक यातच मिळतील.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, वय ४६, शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून माझी मान आपोआप डावीकडे वळते. आधी वाटलं झोपेत अवघडली असेल, उशी बदलली, पट्टा लावला, एक्सरेत मणक्याची झीज दिसली म्हणून गोळ्या घेतल्या, शेक झाला मसाज झाला, पण वाढतच गेलं. चालताना सगळ्यात जास्त होतं आणि फळ्यावर लिहिताना तर हात एकीकडे न डोकं भलतीकडे. एमआरआय नॉर्मल आला. पण हनुवटीला नुसतं बोट लावलं तरी मान सरळ होते आणि झोपेत काहीच होत नाही, घरात यावरूनच म्हणतात की बोट लावून जमतं तर मनावर घेतलं की तसंही जमेल. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: ताई, तुमचं काहीही चुकत नाहीये, हे आधी सांगतो आणि घरच्यांनाही हे वाचायला द्या. पत्रावरून पक्कं निदान करता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते सर्व्हायकल डिस्टोनियाचं, म्हणजे मानेचे स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या आजाराचं, अगदी ठळक वर्णन आहे. आणि ज्या बोटावरून तुम्हाला बोलणी खावी लागतात ना, तेच बोट निदानाला सगळ्यात जास्त मदत करतं.

याला सेन्सरी ट्रिक म्हणतात. निम्म्याहून जास्त पेशंटना अशी एखादी जागा सापडलेली असते, कुणाला हनुवटी, कुणाला गाल, कुणाला डोक्याची मागची बाजू, आणि ही जागा कुणी शिकवलेली नसते, ज्याची त्याने शोधलेली असते. लोकांना वाटतं हाताने डोकं ढकललं म्हणून सरळ झालं. तसं नाहीये. बोट नुसतं टेकलेलं असतं, जोर काहीच नसतो, काहींची मान तर हात चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच सरळ व्हायला लागते, आणि काहींना हात लावल्याची नुसती कल्पना केली तरी थोडा वेळ आराम पडतो. मेंदूला स्पर्शाची एक जादा खूण मिळते आणि तेवढ्यापुरता बिघडलेला हुकूम दुरुस्त होतो. नाटक करणाऱ्याला हे सुचणार पण नाही!

हुकूम म्हणालो कारण बिघाड मानेत नाहीच. आपण मान उजवीकडे वळवतो तेव्हा मेंदू काही स्नायूंना आवळ म्हणून सांगतो आणि त्यांच्या विरुद्ध बाजूच्यांना त्याच वेळी ढिला पड म्हणून सांगतो. डिस्टोनियात हा ढिलं सोडायचा निरोप नीट जात नाही. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे भाग असतात, त्यांचं आणि लहान मेंदूचं मिळून हालचाली जुळवायचं जे जाळं आहे त्यात ही गडबड होते. ही गडबड निरोपांची आहे, तिथे गाठ किंवा जखम नसते, म्हणून बहुतेकांचा एमआरआय नॉर्मल येतो. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असा अर्थ घेऊ नका. आणि मणक्याची झीज चाळिशीनंतर कितीतरी जणांच्या एक्सरेत दिसते, ज्यांना काहीही त्रास नाही त्यांच्याही, त्यामुळे एक्सरे बघून पट्टा दिला गेला आणि दोन वर्षं गेली हे ऐकून वाईट वाटतं पण आश्चर्य वाटत नाही, या आजारात असं फार जणांचं होतं.

अजून एक गोष्ट आरशासमोर बघा. बसा, डोळे मिटा आणि मानेला जायचं तिकडे जाऊ द्या, अडवू नका, घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. मान हळूहळू डावीकडे सरकेल, एका जागी थांबेल आणि कदाचित तिथे बारीक झटके येतील. आता डोळे उघडून गळ्याकडे बघा, कानामागून निघून छातीच्या हाडाकडे उतरणारा एक स्नायू दोरासारखा ताठ उभा दिसेल, आणि तो दिसेल उजव्या बाजूला! त्या स्नायूचं कामच डोकं विरुद्ध बाजूला फिरवायचं आहे. त्याच्या जोडीला डाव्या बाजूचा मानेमागचा एक खोल स्नायू ओढत असतो. म्हणजे ओढणारे स्नायू दोन्ही बाजूंना असतात, आणि मान जिकडे वळली त्याच बाजूला मसाज करून फरक का पडला नाही ते यावरून कळेल. हाच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, कारण तपासणीच्या वेळी ताठ बसल्यावर कधीकधी मान शहाण्यासारखी वागते.

चालताना, थकल्यावर, टेन्शनमध्ये वाढतं आणि झोपेत थांबतं हेही या आजारात नेहमीच दिसतं. टेन्शनने वाढतं म्हणजे टेन्शनमुळे झालं असं नव्हे, ब्लडप्रेशरही टेन्शनमध्ये वाढतंच की. डिस्टोनिया हा शब्द १९११ मध्ये हर्मन ओपेनहाइम या जर्मन न्यूरॉलॉजिस्टने दिला, तरी त्यानंतर कित्येक दशकं अशा पेशंटना मनाचा आजार म्हणूनच बघितलं गेलं, त्याचे पडसाद अजून आपल्या घराघरात ऐकू येतात. आजार खरा आहे, मोठ्या माणसांत एकाच भागापुरता होणारा डिस्टोनिया म्हटलं की सगळ्यात जास्त हाच दिसतो, साधारण चाळिशी ते साठीत सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त. बुद्धीवर परिणाम नाही, आयुष्य कमी होत नाही. पण बहुतेकांना दुखतं, आणि लोक बघतात या भीतीने माणसं बाहेर पडायचीच बंद होतात, उदासी येते, तिचाही वेगळा इलाज करावा लागतो, ते अंगावर काढू नका.

आता न्यूरॉलॉजिस्टकडे जा, हालचालींच्या आजारांचं काम करणारे मिळाले तर उत्तमच. इलाज आहे, पुढच्या पत्रात त्याचंच आहे.

प्रश्न: माझ्या बाबांना (वय ५८) हाच आजार आहे. बोटॉक्स घेतलं, पहिल्या वेळी काही फरक नाही. दुसऱ्या वेळी मान बरीच सरळ झाली पण दहा दिवसांनी पाणी पिताना ठसका लागायला लागला, तीन आठवडे तसंच चाललं. आता बाबा म्हणतात हे विष मला नको, आणि सुरकुत्यांचं औषध मानेत कशाला. काय सांगू त्यांना?

उत्तर: बाबांना सांगा, विष आहे हे खरं, बोटुलिनम नावाच्या जिवाणूपासून ते मिळतं, पण इथे अतिशय थोड्या मात्रेत आणि ठराविक स्नायूतच देतात. आणि सुरकुत्या नंतर आल्या. ॲलन स्कॉट या अमेरिकन डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते तिरळेपणासाठी वापरायला सुरुवात केली, अमेरिकेत डोळ्यांच्या आजारांसाठी १९८९ मध्ये मंजुरी मिळाली, मानेच्या डिस्टोनियासाठी २००० मध्ये आणि सुरकुत्यांसाठी त्याच्याही नंतर, २००२ मध्ये. आज या आजाराचा पहिला इलाज तोच आहे.

काम कसं करतं ते एकदा समजलं की अर्ध्या शंका जातात. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूकडे एक रसायन सुटतं, ॲसिटिलकोलिन, ते मिळालं की स्नायू आवळतो. हे औषध ते रसायन सुटूच देत नाही. मेंदूचा चुकीचा हुकूम येतच राहतो पण स्नायूपर्यंत पोचत नाही. साधारण आठवड्याभरात फरक जाणवायला लागतो, चार-सहा आठवड्यांनी सगळ्यात जास्त, आणि मग मज्जातंतूंची टोकं पुन्हा कामाला लागतात म्हणून तीन महिन्यांच्या आसपास असर उतरतो. म्हणजे ते कायमचं नाही, दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. तीन महिन्यांच्या आत सारखं घेऊ नये, शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं आणि मग ते लागूच पडत नाही.

पहिल्या वेळी फरक पडला नाही म्हणून इलाज फसला असं नसतं. कुठला स्नायू किती ओढतोय हे डॉक्टरांना पहिल्या एक-दोन वेळा अंदाजाने ठरवावं लागतं, त्यात खोलवरचे स्नायू बोटांना नीट लागत नाहीत, म्हणून ईएमजी (स्नायूतली विजेची हालचाल दाखवणारं यंत्र) किंवा सोनोग्राफी लावून सुई घातली तर नेम चांगला लागतो. दुसऱ्या वेळी मान सरळ झाली म्हणजे औषध बाबांना लागू पडतंय, ही माझ्या मते या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे!

ठसक्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. गळ्याच्या बाजूचा जो दोरासारखा स्नायू वर सांगितला, तो गिळायच्या स्नायूंच्या अगदी शेजारी आहे, तिथे डोस जास्त झाला किंवा दोन्ही बाजूंना दिला की औषध थोडं आत पसरतं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातं, बाबांचंही गेलंच. पुढच्या वेळी डॉक्टरांना ठसका कितव्या दिवशी सुरू झाला, किती दिवस राहिला हे तारखांसकट सांगा, ते त्या स्नायूतला डोस कमी करतील किंवा जागा बदलतील. डोस युनिटमध्ये असतो आणि प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं असतं, तेव्हा ब्रँड आणि युनिट दोन्ही लिहून ठेवा, डॉक्टर बदलले तरी तो कागद कामी येतो. आणि घोट अजिबात उतरत नसेल, आवाज बदलला, श्वास घ्यायला जड गेलं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.

गोळ्याही आहेत, ट्रायहेक्सिफेनिडिल, बॅक्लोफेन, क्लोनाझेपाम, त्यांनी काहींना बरं वाटतं. पण तोंड कोरडं पडणं, झापड येणं असे त्रास होतात आणि वय जास्त असेल तर विसरभोळेपणा येतो, म्हणून बाबांच्या वयात जपूनच.

प्रश्न: माझी मुलगी २२ वर्षांची. उलट्यांसाठी इंजेक्शन दिलं आणि काही तासांत तिची मान एकदम मागे पिळली गेली, डोळे वर गेले. आम्ही प्रचंड घाबरलो. हॉस्पिटलमध्ये दुसरं इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात सरळ झाली. हा तोच आजार का? परत होईल का?

उत्तर: नाही, हा वरच्या पत्रांतला आजार नाही, ही औषधाची रिॲक्शन. मेटोक्लोप्रमाइडसारखी उलटीवरची काही औषधं आणि मानसिक आजारांची काही औषधं मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, त्यातून अशी मान पिळली जाऊ शकते, तरुण मुलामुलींत जास्त. योग्य इंजेक्शन मिळालं की झटकन उतरते. जे औषध दिलं होतं त्याचं नाव केसपेपरवरून उतरवून मुलीच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि यापुढे प्रत्येक डॉक्टरला त्यांनी विचारायच्या आधीच सांगा. अशी औषधं बराच काळ घेतल्यावर मान वाकडी व्हायचा एक रेंगाळणारा प्रकारही असतो, पण म्हणून घरात कुणाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: वय ३९, एक वर्षापासून मान उजव्या खांद्याकडे झुकते. ओळखीच्या एकाची मान कडकन फिरवून मोकळी केली तशी मीपण करून घेऊ का? आणि हे कायमचं बरं होतं का? ऑपरेशन असतं असं ऐकलंय.

उत्तर: कडकन मोडून घेऊ नका, प्लीज. मणक्याच्या आतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, असा झटका दिल्यावर त्या आतून फाटून लकवा झाल्याच्या घटना आहेत, आणि फायदा तर काहीच नाही कारण मान अडकलेलीच नाहीये. व्यायाम करा पण या आजाराची माहिती असलेल्या फिजिओकडून शिकून. ते ओढणारा स्नायू ताणायला आणि विरुद्ध बाजूचा, जो आता आळशी झालाय, तो मजबूत करायला शिकवतात. इंजेक्शनच्या जोडीला हे चांगलं काम करतं.

कायमचं म्हणाल तर, दहातल्या एक-दोघांना सुरुवातीच्या काही वर्षांत आपोआप आराम पडतो, पण त्यातल्या बऱ्याच जणांना आजार पुन्हा होतो. बाकीच्यांचा साधारण पहिली पाच वर्षं वाढतो आणि मग एका जागी स्थिरावतो. त्यामुळे मुळापासून घालवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, आपण त्रास आटोक्यात ठेवायचा इलाज करतोय आणि तो बहुतेकांना नीट जगता येईल इतका ठेवता येतो. तुमचं वय पन्नाशीच्या आत आहे म्हणून शरीरात तांबं साठायचा विल्सन नावाचा आजार नाही ना, एवढी एक तपासणी डॉक्टरांना विचारा, तो क्वचितच असतो पण औषधाने सुधारण्यासारखा असतो म्हणून चुकवायचा नाही.

ऑपरेशन आहे, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात बारीक तार ठेवतात आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात. पण ते इंजेक्शननी नीट भागत नाही अशांसाठी, आणि असर पूर्ण दिसायला आठवडे, कधी महिने जातात. तुम्ही अजून एकही इंजेक्शन घेतलेलं नाही, तेव्हा तो विषय आत्ता नाहीच. तोपर्यंत डोकं मागे टेकेल अशी उंच पाठीची खुर्ची घ्या, स्क्रीन डोळ्यांसमोर आणा, आणि गाडी चालवताना आरशाकडे बघायला मान साथ देत नसेल तर इलाज लागू पडेपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या.