भाचीला ब्लॅबरमाउथ म्हणू नका

प्रश्न असा: चार वर्षांची भाची दिवसभर बोलत असते, तिला लाडाने ‘ब्लॅबरमाउथ’ म्हटलं तर चालेल का? आणि फार बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी बोलीत आणखी कोणते शब्द आहेत?

नाही चालणार. हा शब्द हल्ली कुणालाही लावलेला ऐकतो आणि दर वेळी कानाला टोचतो. ब्लॅबरमाउथ म्हणजे ज्याच्या पोटात काही राहत नाही तो. दिवसात दोनच वाक्यं बोलेल, पण त्यातलं एक तुमचं गुपित असेल. त्या पोरीने कुणाचं काय फोडलंय? तिला चॅटरबॉक्स म्हणा. विंडबॅग, गॅसबॅग हे पोकळ लांबण लावणाऱ्या मोठ्यांसाठी, मोटरमाउथ वेगासाठी. या सगळ्यांपुढे एकच ‘बडबड्या’ लिहून मोकळं होणाऱ्या कोशांचा मला मनापासून राग येतो.

फ्रान्सिस ग्रोसने १७८५ मध्ये इंग्रजी रस्त्यावरच्या बोलीचा कोश काढला. त्यात चॅटरबॉक्स म्हणजे कोण? ज्याची जीभ डझनाला बारा विसा चालते तो. बाराच्या जागी २४०! आज इंग्रज ‘डझनाला एकोणीस’ म्हणतात आणि त्यावर एक गोष्ट सांगतात: इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींतले वाफेचे पंप १२ बुशेल कोळशात १९,००० गॅलन पाणी उपसत, तिथून हा आकडा आला. मला हे अजिबात पटत नाही. पंपातून आला असता तर आकडा पक्का राहिला असता, ग्रोसकडे २४० झाला नसता. बोलणाऱ्यांना फक्त डझनापेक्षा बरंच जास्त एवढंच म्हणायचं होतं.

ग्रोसकडचाच दुसरा शब्द त्याहून सुंदर आहे: क्लॅक, म्हणजे जीभ. ही उपमा पाणचक्कीच्या क्लॅकची, म्हणजे तिथल्या टकटकणाऱ्या लाकडी पट्टीची, असं तो लिहितो. व्युत्पत्तिकोश इथे ‘ध्वन्यनुकारी’ म्हणून थांबतात. शब्द आवाजावरून झाला हे कबूल, पण आवाज घोड्याच्या टापांचाही होतो. मग जिभेलाच का चिकटला? चक्कीचा दगड फिरला की ही लाकडी पट्टी हादरते आणि दाणे थोडे थोडे खाली सोडते. पाणी वाहतंय तोवर तिची टकटक थांबत नाही. जीभ दुसरं काय करते? आपणही ‘दळण’ म्हणतोच, पण आपला रोख तेच ते सांगण्यावर असतो, त्यांचा न थांबण्यावर. हा शब्द मुख्यतः बायकांच्या जिभेला लावतात, अशी नोंद ग्रोस करतो. सभेत माइक न सोडणारे मी पाहिले ते बहुतेक पुरुषच.

आणि चॅटरबॉक्समधला बॉक्स? कोश त्यासाठी सॉसबॉक्सकडे, म्हणजे उद्धट माणसासाठीच्या जुन्या शब्दाकडे बोट दाखवतात. मला मात्र तिथे चक्कीत धान्य ओतायची पेटीच दिसते, क्लॅकच्या धक्क्याने सारखी खडखडणारी.