फुकटची जमीन, अपुरा पाऊस आणि गोचीड

प्रश्न : अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने पश्चिमेकडे वस्ती करणाऱ्यांना १६० एकर जमीन फुकट मिळत असे. मग अनेक कुटुंबे ती सोडून का गेली? आणि गुरेवाले व शेतकरी यांच्यात वैर कशावरून होते?

उत्तर : ‘फुकट’ हा शब्द जरा जपूनच घ्यायला हवा. अर्जदाराला सुमारे १८ डॉलर शुल्क भरून, जागेवर घर बांधून, पाच वर्षे तेथेच राहून जमीन कसावी लागे आणि मगच ती त्याच्या नावावर होई. शिवाय सरकार जे वाटत होते ते पॉनी, लाकोटा, शायान अशा मूळ रहिवाशांकडून तहाने किंवा बळाने घेतलेले होते.

१६० हा आकडा आला मोजणीदाराच्या साखळीतून. मातीचा किंवा पावसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. १७८५ पासून सरकारी जमीन सहा मैल लांब-रुंद चौकोनांत आणि त्यांतील प्रत्येक चौकोन ६४० एकरांच्या ३६ भागांत आखली जात असे. त्या एका भागाचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर. इलिनॉयसारख्या पावसाच्या मुलखात एवढ्यावर कुटुंब सुखाने जगे. परंतु अमेरिकेच्या साधारण मधून जाणाऱ्या शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेस वर्षाला साधारण २० इंचांहून कमी पाऊस पडतो आणि तेथे तीच जमीन पाटाच्या पाण्यावरील शेतीला जास्त व चराईला फारच कमी ठरे. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात हे स्पष्ट मांडले होते : पाटाचे पाणी असेल तेथे ८० एकर पुरेत, नसेल तेथे चराईसाठी २,५६० एकर द्यावेत. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते मनावर घेतले नाही. नांगरामागून पाऊस येतो, असे सांगणारे त्या काळी पुष्कळ होते आणि ऐकायला तेच गोड होते. कोरड्या भागासाठी ३२० एकरांची मर्यादा आली ती थेट १९०९ मध्ये.

तोवर माणसे तगून कशी राहिली, याचेच नवल वाटते. नेब्रास्का-कॅन्ससच्या माळावर लाकूड नव्हते, म्हणून गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली जमीन नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी उलथून त्या लाद्यांच्या दोन-तीन फूट जाड भिंती रचत. घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार राही. मात्र पाऊस थांबला तरी छत चिखल गाळत राही. चुलीत बायसनच्या रानगोवऱ्या जाळत. १८७४ मध्ये टोळधाड आली आणि उभी पिके गेली.

वैराचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे, ते म्हणजे काटेरी तार. जोसेफ ग्लिडन यांना तिचे पेटंट १८७४ मध्ये मिळाले आणि कुंपणाला लाकूड नसलेल्या माळावर शेत बंदिस्त करणे परवडू लागले. गुरेवाल्यांची मोकळी चराई व पाणवठ्यांच्या वाटा त्यामुळे तुटल्या. दुसरे कारण मात्र गोचिडाएवढे, किंबहुना गोचीडच होते. टेक्सासच्या लांबशिंगी गुरांच्या अंगावरील गोचिडांतून एक ताप पसरे. तो त्या गुरांना बाधत नसे, पण रेल्वेपर्यंत हाकत नेलेला त्यांचा कळप ज्या वाटेने जाई तेथील शेतकऱ्यांची जनावरे पटापट मरत. म्हणून कॅन्ससच्या विधिमंडळाने टेक्सासच्या गुरांना बंदीची रेषा आखली आणि शेतकरी जसजसे पश्चिमेकडे सरकले, तसतशी तीही सरकत गेली. गुरांचे व्यापारी जोसेफ मॅकॉय यांनी १८६७ मध्ये कॅन्ससमधील अ‍ॅबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचे कोंडवाडे बांधून त्या खेड्याला बाजारपेठ केले होते. पाचच वर्षांनी, १८७२ मध्ये, त्याच अ‍ॅबिलीनच्या रहिवाशांनी कळप दुसरीकडे न्यावेत असे टेक्सासवाल्यांना कळवले. व्यापार एल्सवर्थला आणि पुढे डॉज सिटीला गेला, आणि १८८५ मध्ये सबंध कॅन्सस राज्यच त्या गुरांना बंद झाले. ताप गोचिडामुळे येतो हे रोगशास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले ते १८९३ मध्ये, म्हणजे कळप हाकत नेण्याचे दिवस सरल्यावर.