एम.ए. कथकची शेवटची संरचना: ‘वही दाखवा’ म्हणणाऱ्या गाइड बरोबर आहेत

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप उडाली. बी.कॉम. झालेलं, कथकची विशारद परीक्षा पूर्ण, एम.ए. कथकचं दुसरं वर्ष, समूहसंरचनेची (अनेकींचं नृत्य स्वतः रचून बसवण्याची) परीक्षा चार महिन्यांवर, आणि रचना लिहून ठेवलेली वही मागत गाइड प्रत्येक भेटीत एकच विचारतात, “वही कुठे आहे?” तुम्ही लिहिलंय, मी उभी राहून रचते, लिहायला बसले की सगळं निसटतं, मग हे एम.ए. सोडून सरळ अलंकारला, म्हणजे विशारदच्या पुढच्या परीक्षेला, बसू का? बी.कॉम.च्या जागी बी.एस्सी. घातलं तर हा माझाच प्रश्न आहे, नऊ वर्षांपूर्वीचा.

आधी हे सांगून ठेवते की माझा अभ्यासक्रम आता जुना झाला. श्रेयांकांची मांडणी बदलली आहे, प्रत्येक विद्यापीठात प्रात्यक्षिक आणि लेखी यांचं वजनही वेगळं असतं. त्यामुळे गुणांचं गणित तुमच्या विभागातच विचारा. रियाज, ताल, पेपर कसा सोडवायचा, यावर मी काही बोलत नाही. विशारदपर्यंत पोचलेल्या मुलीला ते माहीत असतं. मी लिहिणार आहे ते वहीबद्दल, कारण ती न ठेवल्याने माझं जे गेलं ते अजून परत आलेलं नाही.

माझी रचना जनाबाईच्या दळणावर होती. पाच मुली, अठरा मिनिटं, सुरुवात धमारात आणि शेवट तीनतालात. मधे एक जागा अशी होती की दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरून जातं ओढतायत आणि मागे उरलेल्या तिघी तीच फिरत चक्करांमध्ये उचलतात. त्या तिघींतली एक नेहमीच्या दिशेच्या उलट चक्करं घेते. हे मी आजोळी माळ्यावरून उतरवलेल्या जात्याजवळ बसून ठरवलं होतं. आजी आणि मामी दळत होत्या, मी नुसती त्यांचे खांदे बघत होते. त्या दुपारी मला स्वच्छ दिसलं की तिसरी बाई उलटी का फिरते. डिसेंबर होता. मी ते कुठेही लिहून ठेवलं नाही, कारण मला वाटलं, हे कधी विसरणार आहे मी?

परीक्षेला एकोणीस दिवस असताना ती उलट फिरणारी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. तिचा काही दोष नाही, नोकरी थांबत नाही. तिच्या जागी धाकट्या वर्गातली एक हुशार मुलगी आली. तिला मी तालमीचा व्हिडिओ पाठवला. हा व्हिडिओ मी फोन भिंतीला टेकवून, स्वतःला पडद्यावर बघता यावं म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेला होता. माझ्या फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचं चित्रण आरशासारखं उलटं साठायचं, आणि हे माझ्या लक्षातच आलेलं नव्हतं. पाच दिवस ती पोरगी घरी मान मोडून शिकली, उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. सहाव्या दिवशी तालमीत ती आणि शेजारची मुलगी चक्करांच्या मध्यात एकमेकींवर आदळल्या. एकीचा घोटा सुजला.

त्याहून वाईट वेळ पुढे आली. दुरुस्त करायला बसले तर मूळ काय होतं हेच मला नक्की सांगता येईना. चौघींना विचारलं, चार उत्तरं आली. दोन आठवडेही हातात नव्हते. शेवटी मी तो तुकडा सपाट केला, तिघी एकाच दिशेने. रचनेचा जीव जिथे होता तीच जागा मी स्वतःच्या हाताने पुसली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “मागच्या तिघी जात्याचा भाग आहेत की जात्याच्या बाहेर आहेत?” याचं उत्तर डिसेंबरात माझ्याजवळ होतं. एप्रिलमध्ये, घुंगरू पायात, मी गप्प उभी राहिले.

गुण कमी पडले त्याचं दुःख संपलं. पण दोन वर्षांनी एका शिष्यवृत्तीच्या अर्जात आधीच्या रचनेची संहिता, रंगमंचाचे आराखडे आणि विचारप्रक्रियेची टिपणं मागितली होती. माझ्याकडे एक उलटा व्हिडिओ होता. अर्ज केला नाही. त्यानंतर ती रचना पुन्हा उभी करायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी झालं. आजी आता नाही, त्यामुळे ते बघून पुन्हा ठरवायची सोयही राहिली नाही.

आता तुमच्या ‘लिहिता येत नाही’कडे येते. तुम्ही लिहीत नाही हे खरं नाही. मध्यमा परीक्षेपासून आपण तोडे, परणी आणि तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तिहाया लिपीबद्ध करत आलो आहोत. सम (तालाची पहिली मात्रा), टाळी, खाली, अवग्रह, सगळं डोळे मिटून येतं. पण ती लिपी बोलांची, म्हणजे तोंडाने म्हणायच्या अक्षरांची आहे, अंगाची नाही. ‘तिग्धा दिगदिग थेई’ मात्रांखाली बरोबर मांडलं तरी पाचातली कोण हे करते, कुठे उभी राहून, नजर कुणाकडे, हात छातीशी आहे की बाहेर जातोय, यातलं एक अक्षरही कागदावर नसतं. एकल नृत्यात हे निभावून जातं, कारण अंग गुरूंकडून समोरासमोर आलेलं असतं आणि आपल्याच शरीरात राहतं. समूहात ते पाच जणींच्या शरीरांत विखुरलेलं असतं. एक गेली की पाचवा हिस्सा गेला. विशारदची सवय आपल्याला इथे फसवते; आपल्याला वाटतं लिहिलंय, आणि लिहिलेले असतात फक्त बोल.

मी आता विद्यार्थिनींना पाच रकाने पाडायला लावते: मात्रा, बोल, कोण आणि कुठे, नजर व दिशा, आणि शेवटचा ‘का’. रंगमंचाचे नऊ चौकोन करून त्यांना आकडे द्या, म्हणजे ‘थोडं मागे, थोडं कोपऱ्यात’ असलं लिहावं लागत नाही. पहिल्या पानावर एकदाच ठळक लिहा की उजवं म्हणजे नाचणारीचं उजवं. काडीची माणसं काढली तरी चालतात. नृत्याच्या हालचाली लिहायची लाबानची लिपी १९२८ पासून जगात आहे आणि ती फार सूक्ष्म आहे, पण चार महिन्यांत ती शिकायला जाऊ नका, असं माझं मत आहे. कुणाला पटणार नाही. तुम्हाला परीक्षेसाठी तुमच्याच पाच मुलींना वाचता येईल अशी वही हवी आहे.

‘का’चा रकाना सोडू नका. गाइड वही मागतात तेव्हा त्या खरं म्हणजे हाच रकाना मागत असतात. त्यात मोठे विचार लागत नाहीत. ‘इथे सम चुकवून बसते, कारण दळणारीचा हात दमलाय’ एवढं पुरे. जे काढून टाकलं तेही लाल शाईने लिहा आणि का काढलं तेही. तोंडी परीक्षेत काढलेल्या जागांवर जास्त विचारतात.

बसून लिहिताना निसटतं ना? मग बसू नका. तालीम संपली की घुंगरू सोडता सोडता फोनमध्ये बोला. पढंत म्हणता तसं, बोल म्हणत म्हणत मधे जागा सांगत जा. दुसऱ्या दिवशी ते ऐकून रकाने भरा. दोन दिवस गेले तर मात्र तुमचं तुम्हालाच कळणार नाही. व्हिडिओ मागच्या कॅमेऱ्याने, उंचावरून, फोन न हलवता घ्या. एक पाठीमागूनही घ्या, शिकवायला तोच उपयोगी पडतो. सुरू करताना तारीख मोठ्याने म्हणा. आणि लेहऱ्याची (साथीला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेची) गती आकड्यात लिहा, मिनिटाला किती मात्रा. ‘मध्य लय’ तबलजींची वेगळी असते आणि आपली वेगळी, आणि ते प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी कळणं फार महाग पडतं.

तुम्ही इतिहासाच्या पेपरबद्दल एकच ओळ लिहिलीय, ‘तो पाठ करून होईल’. नाही होणार, आणि तो संरचनेपासून वेगळाही नाही. मी माझ्या प्रस्तावात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की कथकमध्ये समूहरचना हा अलीकडचा प्रयोग आहे. तेव्हा मला मॅडम मेनका, म्हणजे लीला सोखी, फक्त नावाने माहीत होत्या. १९३६ मध्ये त्यांचा संच बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत नाचला, १९३८ पर्यंत त्यांनी युरोपभर दौरा केला, आणि पुढे आपल्या खंडाळ्यात त्यांनी नृत्यशाळा चालवली. आपल्या दमयंती जोशी लहान मुलगी असताना त्या संचात होत्या. नंतर कुमुदिनी लाखिया यांनी अहमदाबादच्या ‘कदंब’मध्ये समूहाचा विचार किती पुढे नेला, ते तर आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. हे वाचलं असतं तर माझा प्रस्ताव वेगळा झाला असता आणि जात्याच्या जागेलाही शेजार मिळाला असता. मेनकांचा तो दौरा अलीकडे अभ्यासकांनी छापील कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि छायाचित्रं जोडत जोडत उभा केला. ज्यांच्यामागे असा कागद राहिला नाही, त्यांचं काय झालं असेल याचा विचार मी फार करते.

म्हणून ‘कथा कहे सो कथक’वर सुरू होऊन देवळातून दरबारात आणि दरबारातून रंगमंचावर सरळ उतरणारा इतिहास लिहू नका. विशारदला तो चालतो. एम.ए.ला विचारलं जातं की नाचणारं कोण होतं, पैसे कोण देत होतं आणि पुढे सांगताना कुणाची नावं गळली. १८५६ मध्ये अवध खालसा होऊन वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जला गेले, त्यांच्यामागोमाग कलावंतही गेले. पण तवायफांनी ठुमरीचा भाव जपला, शिकवला, त्या बाया आपल्या वहीत कुठे असतात? जाता जाता एक छोटी गोष्ट: असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) नाट्यशास्त्रात २४ आहेत आणि अभिनयदर्पणात २८. दोन्ही एकत्र करून लिहिणाऱ्यांचे गुण दरवर्षी जातात. आणि संगीतरत्नाकरातला सातवा अध्याय, नर्तनाध्याय, नक्की वाचा. शार्ङ्गदेव यादवांच्या देवगिरीत बसून तेराव्या शतकात हे लिहीत होता. एवढं घराजवळचं पुस्तक आपण मिळवून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

लघुप्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर बैठकीच्या लावणीकडे बघा. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची अदाकारी बघा आणि मग आपला गतभाव, म्हणजे कथकमधला एकटीने कथा उभी करण्याचा अभिनय, बघा. बसून, नुसत्या डोळ्यांनी आणि मनगटाने एका ओळीचे किती अर्थ निघतात! अभिजात आणि लोक अशी भिंत आपल्या अभ्यासक्रमांनी घातली आहे आणि मला ती मान्य नाही. अर्थात तुमच्या गाइडना आधी विचारा, काही ठिकाणी विषयाची चौकट पक्की असते.

विद्यापीठाच्या पात्रता विभागाबद्दल (प्रवेशाची कागदपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाबद्दल) तुम्ही जी तक्रार लिहिलीय तिच्यावर थोडं लिहिते, कारण ते वाचून जुना राग वर आला. मी पदवी दुसऱ्या विद्यापीठातून आणली होती. आमच्या कार्यालयाने (नाव घेत नाही) पहिल्या खेपेला सांगितलं, स्थलांतर प्रमाणपत्र नंतर चालेल. दुसऱ्या खेपेला, आत्ताच हवं. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “नाचाचं एम.ए.? तेही असतं का?” आणि मागच्या रांगेतली माणसं हसली. अठरा वर्षं शिकलेली विद्या होती ती. पहिल्या सत्राचा निकाल त्यांनी राखून ठेवला आणि परीक्षेचा अर्ज भरायला मी सुट्टी टाकून चार दिवस तिथे उभी होते. तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आवक क्रमांक दाखवला की चौथ्या खेपेला आवाज बदलतो. तुमचं स्थलांतर प्रमाणपत्र अजून जमा झालं नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी ते काम करा.

राहिलं अलंकार की एम.ए. दोन्ही मानाच्या गोष्टी आहेत आणि अलंकारचा रियाज कसा कस काढतो ते मला माहीत आहे. पण तुम्ही एम.ए. वही टाळण्यासाठी सोडताय, म्हणून माझं मत सोडू नका असं आहे. तुमच्या गुरूंना वाटतं की विद्यापीठात नाच वाळतो. माझ्या गुरूंनाही वाटायचं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पुढे एकदा मी माझी नवी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ‘का’चा रकाना बोटाने खाली खाली वाचत नेला, एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, “इथे खोटं लिहिलंयस, हे तू तिहाई बसावी म्हणून केलंयस.” खरं होतं. मी ती तिहाई काढली. असं त्यांनी माझं नृत्य नुसतं बघून मला कधी सांगितलं नव्हतं.

तुमचा विषय, ताल आणि मुली किती हे लिहिलंत तर एका आवर्तनाचे रकाने कसे भरायचे ते मी इथेच मांडून दाखवते. शनिवारपर्यंत गावाला आहे, नेटवर्क येऊन जाऊन असतं, उत्तराला उशीर झाला तर थांबा.