बुद्धिबळाच्या पहिल्या स्पर्धेआधी ओपनिंग किती शिकायचं?

पहिली स्पर्धा खेळतोयस, फार छान! दहा ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करू नकोस. पांढऱ्याकडून फक्त इटालियन समजून घे: तुझं प्यादं ई४, काळ्याचं प्यादं ई५, तुझा घोडा एफ३, काळ्याचा घोडा सी६, तुझा उंट सी४. उंटाचा डोळा एफ७ वर असतो, कारण ते घर एकटा राजाच राखतो. पण लगेच तिथे तुटून पडू नकोस.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- वजीर लवकर काढणं. समोरचा त्याला हुसकावत स्वतःचे घोडे-उंट बाहेर आणतो.
- किल्लेकोट (राजाला कडेला हत्तीच्या आड नेण्याची चाल) लांबवणं. पहिल्या स्पर्धेत माझा राजा मधेच राहिला आणि विसाव्या चालीआधी डाव गेला.

हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो, तेव्हा विचार करताना हात मांडीवर ठेव. सिसिलियन वगैरे दुसऱ्या ओपनिंग नंतर बघू.