रेडिओ चिपमध्येच एईएस असेल तर वायरलेस व्हॉल्व्ह सुरक्षित झाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या लॅबमधले जुने टेलॉसबी बोर्ड (रेडिओ असलेले छोटे सेन्सर बोर्ड) घेऊन तुम्ही ठिबकचे व्हॉल्व्ह वायरलेसवर चालू-बंद करताय. बोर्डावरच्या सीसी२४२० रेडिओत एईएस-१२८ (१२८ बिटांच्या गुप्त किल्लीने मेसेज झाकायची पद्धत) हार्डवेअरमध्येच आहे. बॅटरी वाचावी म्हणून तुम्ही नुसता सीटीआर मोड, म्हणजे फक्त मेसेज झाकणारा मोड, लावलाय, आणि मेसेज कुणाला वाचता येत नाही म्हणजे काम झालं का, असं विचारताय.

नाही झालं, आणि जे राहिलंय तेच तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडला हे शेजाऱ्याला कळलं तर फारसं बिघडत नाही. मध्यरात्री त्याने तो परस्पर उघडला तर सकाळी प्लॉटमध्ये पाणी साचलेलं असेल.

सीटीआरमध्ये चिप किल्ली आणि नॉन्स (दर मेसेजला बदलणारा आकडा) यांच्यापासून बिटांची एक माळ तयार करते आणि ती तुमच्या मेसेजशी एक्सॉर करते (बिट सारखे तर ०, वेगळे तर १). बस, एवढंच. समजा 'बंद'साठी तुम्ही '०' हे अक्षर पाठवता आणि 'चालू'साठी '१'. हेक्समध्ये त्यांचे आस्की कोड ३० आणि ३१, म्हणजे फरक फक्त शेवटच्या बिटाचा. कुणी फ्रेम (हवेतून जाणारं मेसेजचं पाकीट) पकडून त्या बाइटचा शेवटचा बिट उलटा केला आणि पुढे पाठवली, तर व्हॉल्व्हकडे डिक्रिप्ट होऊन 'बंद'चं 'चालू' झालेलं असतं. त्याला किल्ली लागलीच नाही. सीआरसीचा (फ्रेम वाटेत बिघडली का ते दाखवणाऱ्या आकड्याचा) भरवसा धरू नका. त्याला किल्ली नसते, त्यामुळे बदललेल्या फ्रेमचा नवा सीआरसी कुणीही काढतो. असल्या रेडिओंच्या ८०२.१५.४ या मानकाच्या २००३ च्या आवृत्तीत नुसत्या सीटीआरची मुभा होती. बर्कलीच्या नवीन शास्त्री आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००४ मध्येच तो पर्याय वापरू नका असं लिहून ठेवलंय.

सीसीएम मोड लावा. तो मेसेज झाकतो आणि त्यावर किल्लीने काढलेली मोहोरही लावतो, तिला एमआयसी म्हणतात. बॅटरीची काळजी वाटते ना, मग हिशेबच करू. चार बाइटची मोहोर आणि सिक्युरिटी हेडरचे पाच, असे नऊ बाइट वाढतात. २५० केबीपीएसला एक बाइट ३२ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे २८८ मायक्रोसेकंद. पूर्ण ताकदीने पाठवताना चिप १७.४ मिलिअँपिअर घेते. मिनिटाला एक मेसेज धरला तरी वर्षभरात पाऊण मिलिअँपिअर-तासाच्या आत खर्च होतो. दोन एए सेलपुढे हे काहीच नाही. मी तर व्हॉल्व्हसाठी आठ बाइटची मोहोर घेईन.

आता ही चिप तुमच्यासाठी काय करत नाही ते बघा. मोहोर चुकली तरी ती फ्रेम फेकून देत नाही. फक्त मोहोरेच्या शेवटच्या बाइटच्या जागी निकाल लिहून ठेवते: बरोबर असेल तर शून्य, चुकली असेल तर सगळे बिट एक. तो बाइट तुमच्या कोडने वाचलाच नाही, तर सीसीएम लावून उपयोग शून्य.

दुसरं म्हणजे नॉन्स. तो १३ बाइटचा असतो: पाठवणाऱ्याचा आठ बाइटचा पत्ता, चार बाइटचा फ्रेम काउंटर आणि एक बाइट सिक्युरिटी लेव्हल. काउंटर वाढवणं आणि जपणं ही तुमच्या फर्मवेअरची (बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) जबाबदारी आहे, चिप त्यात पडत नाही. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी अशाच सेन्सरचं फर्मवेअर तपासायला घेतलं होतं. बॅटरी बदलली की नोडचा काउंटर शून्यावर यायचा आणि गेटवे (सगळ्या नोडचे मेसेज घेणारा मुख्य बोर्ड) जुना नंबर म्हणून मेसेज नाकारायचा. वैतागून कुणीतरी गेटवेवरची ती तपासणीच कमेंट करून टाकली होती. मी रिसेटच्या आधीची आणि नंतरची, एकाच काउंटरच्या दोन फ्रेम घेतल्या आणि त्यांच्या एन्क्रिप्टेड भागाचं एक्सॉर केलं. माळ दोन्हीकडे तीच, त्यामुळे ती कटून गेली. स्क्रीनवर शून्यांची रांग आली आणि मध्ये दोनच बाइट वेगळे: तापमानाचे शेवटचे दोन आकडे. किल्ली माझ्याकडे नव्हतीच. शिवाय तपासणी काढल्यामुळे जुनी फ्रेम जशीच्या तशी पुन्हा पाठवली तरी गेटवे ती घेत होता.

यावर उपाय सोपा आहे. काउंटर दर वेळी फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहू नका, हजाराचा गठ्ठा आगाऊ राखून ठेवा. बूट झाल्यावर फ्लॅशमधल्या आकड्यापासून सुरुवात करा आणि पहिला मेसेज पाठवायच्या आधी त्यात हजार मिळवून लिहून टाका. टेलॉसबीवरच्या एमएसपी४३० प्रोसेसरची फ्लॅश किमान १०,००० वेळा पुसता येते, म्हणजे एक कोटी मेसेज. मिनिटाला एक या हिशेबाने १९ वर्षं. व्हॉल्व्हच्या बाजूलाही शेवटचा स्वीकारलेला काउंटर असाच जपावा लागेल.

ॲकवर (मेसेज पोचल्याच्या पावतीवर) विसंबू नका. ती पाच बाइटची उघडी फ्रेम असते, तिच्यात फक्त सिक्वेन्स नंबर, त्यामुळे ती कुणीही बनवतो. व्हॉल्व्हने आपली स्थिती सीसीएमनेच उलट कळवली पाहिजे.

आणि किल्ली. झोपताना रेडिओचा रेग्युलेटर बंद केलात तर चिपची रॅम पुसली जाते, मग उठल्यावर किल्ली पुन्हा एसपीआयवरून (प्रोसेसर आणि रेडिओ यांच्यातल्या तारांवरून) लिहावी लागते. ज्याच्या हातात तुमचा बोर्ड आणि एक साधा लॉजिक ॲनालायझर (तारांवरचे बिट दाखवणारं यंत्र) आहे, त्याला ती सोळा बाइट तिथे सरळ दिसतात. नव्या चिपांतही किल्ली आतून काढता येते. क्रिप्टोग्राफर अदी शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांतल्या चिपची वीज किती लागते ते मोजून फर्मवेअरची एईएस-सीसीएम किल्ली काढली होती, आणि तीच किल्ली त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत होती. तुमचे बोर्ड तर उघड्या रानात असणार. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी किल्ली द्या. गेटवेच्या रेडिओत किल्ल्यांना दोनच जागा आहेत, तेव्हा तिथे डिक्रिप्शन सॉफ्टवेअरमध्ये करा, गेटवेला विजेची चणचण नसते. उद्या एखादा बोर्ड चोरीला गेला तर यादीतून तेवढीच किल्ली काढायची, बाकीचे व्हॉल्व्ह चालू राहतात.