देवळं तीन, फुलं किती? (वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

प्रश्न : बाई नमस्कार, माझा मुलगा पाचवीत आहे, स्कॉलरशिपची तयारी चाललीय. परवा शाळेतून एक कोडं घरी करायला दिलं. एक माणूस थोडी फुलं घेऊन निघतो, वाटेत तीन देवळं लागतात. प्रत्येक देवळाच्या आधी नदीत फुलं बुडवली की ती दुप्पट होतात, मग त्या देवळात तो काही फुलं वाहतो, तिन्ही ठिकाणी सारखीच, आणि तिसऱ्या देवळातून बाहेर येतो तेव्हा हातात एकपण फूल नसतं. तर सुरुवातीला फुलं किती आणि प्रत्येक देवळात वाहिली किती? रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तिघं त्यावर बसलोय, ह्यांनी एक्स-वाय मांडलं तर पोरगं अजूनच गोंधळलं, रडायला लागलं, शेवटी मीच म्हटलं राहू दे आता. सकाळी उठून त्यानं एकट्यानं काहीतरी आकडे घालून बघितले आणि 14 फुलं होती, 16-16 वाहिली असं लिहून नेलं. त्यावर लाल पेनानं फुली, बरोबर उत्तर 7 आणि 8 म्हणे. तेव्हापासून म्हणतोय मला गणित येतच नाही. आमचं चुकलं कुठं?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, हे वाचून झालं की आधी लेकराला जवळ बोलवा आणि सांगा की तुझं उत्तर बरोबर आहे. त्याची समजूत काढायला म्हणून नाही, खरंच बरोबर आहे. 14 ची दुप्पट 28, त्यातली 16 वाहिली, राहिली 12. 12 ची दुप्पट 24, 16 वाहिली, राहिली 8. 8 ची दुप्पट 16, सगळी वाहिली, हात रिकामे. कोड्यात सांगितलेली एक तरी अट मोडली का? नाही. 7 आणि 8 पण बसतं, 21 आणि 24 पण बसतं, पुढं हवी तेवढी उत्तरं काढता येतात. कोड्यात "कमीत कमी किती फुलं" एवढे शब्द असते तर 7 आणि 8 हे एकच उत्तर राहिलं असतं. ते शब्द तुम्ही लिहिलेल्या कोड्यात कुठं नाहीत, मग पोराचं काय चुकलं? दहा वर्षाच्या मुलानं कुणाची मदत न घेता, आदल्या रात्री रडून झोपल्यावर सकाळी उठून हे शोधलं, मला तर त्याचं फार कौतुक वाटतं.

आता रात्री अडलं कुठं ते सांगते. तुम्ही सगळे पुढून सुरुवात करत होता. सुरुवातीची फुलं माहीत नाहीत, वाहिलेली माहीत नाहीत, मग पुढून हातात काहीच लागत नाही. कोड्यात पक्की माहीत असलेली गोष्ट एकच, शेवटी शून्य. म्हणून तिथून मागं यायचं.

माझा नातू असाच अडला होता तेव्हा मी वही बाजूला ठेवायला लावली आणि डब्यातले तासगावचे बेदाणे ताटात ओतले. देवळं पण आपलीच घेतली, पहिलं औदुंबरचा दत्त, दुसरं सांगलीचा गणपती, तिसरं हरिपूरचा संगमेश्वर. तिन्ही कृष्णाकाठची, त्यामुळं प्रत्येक वेळी फुलं बुडवायला नदी आहेच. मग विचारलं, हरिपूरच्या देवळातून बाहेर आलास, हातात किती? काही नाही. समजा प्रत्येक देवळात एकच फूल वाहिलं, मग आत जाताना किती होतं? एक. आणि नदीत बुडवायच्या आधी? तो बेदाणा हातात धरून बसला आणि म्हणाला, आजी, अर्धा. मी म्हटलं बेदाणा अर्धा होईल रे, पण देवाला अर्धं फूल वाहतात का? नाही म्हणाला. बरं, मग दोन वाहून बघ. नदीच्या आधी एक, म्हणजे गणपतीतून एक घेऊन बाहेर पडला, तिथं दोन वाहिलेली, म्हणजे आत जाताना तीन, नदीच्या आधी दीड. परत अडलं. तीन वाहिली तर पहिल्याच पायरीला दीड. चार वाहिली तर दोन देवळं सरळ मागं येता येतं आणि औदुंबरला सातचे साडेतीन होतात. पाच, सहा, सात मी सांगायच्या आधीच त्यानं भराभर करून सोडून दिले. आठ घेतले आणि 8 चे 4, त्यात 8 मिळवून 12, 12 चे 6, त्यात 8 मिळवून 14, 14 चे 7. कुठंच अर्धं नाही! मग तोच म्हणाला, तीनदा निम्मं करायचंय ना, म्हणून दोन दुणे चार, चार दुणे आठ. हे मी सांगितलेलं नव्हतं हो, ताटात बघून त्याला दिसलं. यात पाऊण तास गेला आणि निम्मे बेदाणे पोटात गेले, चालतंय.

तुम्ही पण घरी असंच करा. बेदाणे नसतील तर चिंचोके घ्या, शेंगदाणे घ्या, फक्त हात त्याचा पाहिजे. आपण काय करतो, पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं की लगेच पेन्सिल आपल्या हातात घेतो, आणि ते खरं विचार करायला लागलंय ते नेमकं त्याच वेळेला. अशा वेळी एकच विचारायचं, "याच्या आधी काय झालं असेल?" आणि आपण गप्प बसायचं. अवघड जातं मला माहितीय, स्वयंपाक राहिलेला असतो, उद्याचा डबा असतो, पण रोज करायला लागत नाही, आठवड्यात एखादं कोडं असं झालं तरी पुरे. आणि साडेनऊ वाजता डोळ्यात पाणी आलं तेव्हा तुम्ही राहू दे म्हटलं ते अगदी बरोबर केलं, सकाळी त्यालाच सुचलं की नाही?

उलटं यायची ही रीत आपल्याकडं फार जुनी आहे. आर्यभटांनी इ.स. 499 च्या सुमाराला नियमच सांगून ठेवलाय, उलट येताना गुणाकार होता तिथं भागाकार करा, भागाकार होता तिथं गुणाकार, मिळवलं असेल तिथं वजा आणि वजा असेल तिथं मिळवा. भास्कराचार्यांच्या 1150 च्या लीलावतीत पण ही रीत आहे. लेकराला हे जरूर सांगा, आपण ताटात करतोय तेच एवढ्या मोठ्या माणसांनी लिहिलंय म्हटल्यावर मुलांना वेगळाच हुरूप येतो.

तुमच्या ह्यांचं पण चुकलेलं नाही बरं का. सुरुवातीची फुलं एक्स आणि वाहिलेली वाय धरली तर शेवटी 8 एक्स बरोबर 7 वाय एवढंच हातात येतं. माहीत नसलेल्या गोष्टी दोन आणि समीकरण एक, म्हणून एकच उत्तर निघत नाही, 7 ला 8 हे प्रमाण तेवढं मिळतं. 14 आणि 16 त्याच प्रमाणात आहेत की! पण पाचवीच्या मुलाला एक्स नको अजून, त्याची वेळ येईल तेव्हा येईल.

राहिली लाल फुली. भांडायला जाऊ नका आणि मुलादेखत शाळेला नावं पण ठेवू नका. एका वर्गात पन्नास-साठ वह्या तपासायच्या असतात, मी ते आयुष्यभर केलंय, उत्तरपत्रिकेत 7 आणि 8 छापलेलं असलं की हात तसाच चालतो. मुलाला त्याच पानावर खाली ताळा लिहू दे, 14 पासून शून्यापर्यंत सगळ्या पायऱ्या, आणि त्यानंच नम्रपणे दाखवू दे, "हे पण बसतंय का बघता का?" तुम्ही लांबच थांबा. आणि घरी आल्यावर त्याला चार देवळांचं कोडं द्या. एका देवळाला 1 फूल नेऊन 2 वाहायची, दोन देवळांना 3 नेऊन 4, तीनला 7 नेऊन 8, हे त्याच्याकडनं ओळीनं लिहून घ्या आणि मग चारला किती ते विचारा. 15 आणि 16 येतं, पण तुम्ही सांगू नका.

प्रश्न : मुलगी आठवीत. गाडी जाताना ताशी 60 किमी आणि त्याच रस्त्यानं येताना ताशी 40 किमी, तर सरासरी वेग किती? मी 50 सांगितलं, पुस्तकात 48 आहे. छापायची चूक असेल का?
– एक वडील, सातारा

उत्तर : नाही दादा, 48 च बरोबर. अंतर दिलेलं नाही म्हणून सोयीचं धरा, समजा 120 किमी, सातारा ते सांगली साधारण तेवढंच आहे. जाताना 2 तास, येताना 3 तास. एकूण 240 किमी, 5 तास, भागून बघा. हळू चाललेल्या गाडीत आपण जास्त वेळ बसलेलो असतो म्हणून सरासरी 40 च्या बाजूला ओढली जाते. अंतर 60 धरा नाहीतर 600, उत्तर तेच येतं, मुलीला दोन-तीन अंतरं घेऊन करू दे म्हणजे तिची खात्री पटेल.

आणि तिला पुढचं विचारा, सांगलीला जाताना ताशी 30 नं गेलो, जाऊन येऊन सरासरी 60 पाहिजे असेल तर येताना किती वेगानं यायचं? बहुतेक ती 90 म्हणेल. मग तिलाच तास मोजायला लावा. 240 किमी ताशी 60 नं म्हणजे 4 तास, आणि ते चारही तास जातानाच संपलेत.